फक्त मला ठाऊक असलेलं पुस्तक

आधी चहा संपवा. कारण मी सांगणार आहे ते ऐकून तुम्ही हसणार, आणि हसताना चहा अंगावर सांडला तर मला बोलू नका. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण शंभर माणसांसमोर, माईक हातात घेऊन, स्वखुशीने केलेला हा एकच!

नव्वदच्या दशकातली गोष्ट, शेवटशेवटची. मी नाशिकला पाटबंधारे खात्यात कारकून. नोकरी कारकुनाची, पण तोरा? तोरा थेट समीक्षकाचा! पंचवटीत आमच्या घराजवळ एक छोटं वाचनालय होतं. रोज संध्याकाळी तिथे जायचं, लोक काय वाचतात ते बघायचं आणि नाक मुरडायचं, हा माझा छंद होता.

माझं तत्त्व सरळ होतं. पुस्तक जितक्या जास्त लोकांना माहीत, तितकं ते फालतू! एखादी कादंबरी शेजारच्या काकूंनी वाचली असं कळलं, की ती माझ्या लेखी मेलीच. "अहो, सगळे वाचतात!" असं कुणी कौतुकाने म्हटलं, की मी म्हणायचो, "सगळे तर गुटखाही खातात." काय माज होता बघा!

या माजाची मी वही केली. तिच्यात चार वर्ग पाडले. चौथा वर्ग, सगळ्यांना ठाऊक. तिसरा, बऱ्याच जणांना ठाऊक. दुसरा, मोजक्यांना. आणि पहिला, सर्वांत वरचा वर्ग म्हणजे फक्त मला ठाऊक.

आता कुठलं पुस्तक किती जणांना ठाऊक, हे कळणार कसं? तिथे माझी अक्कल चालली. वाचनालयाच्या पुस्तकात मागे एक चिठ्ठी चिकटवलेली असते ना? पुस्तक कुणी घरी नेलं की तिच्यावर तारखेचा शिक्का मारतात ती? बस! शिक्के मोजायचे. शिक्के जास्त, पुस्तक टाकाऊ. शिक्के कमी, पुस्तक थोर. वाचायची भानगडच नाही!

थांबा, एवढ्यात हसू नका.

त्या वर्षी वाचनालयाच्या ग्रंथखरेदी समितीत एक जागा रिकामी झाली. अध्यक्ष होते खैरनार सर, निवृत्त मुख्याध्यापक. ते मला म्हणाले, "वसंतराव, वार्षिक सभेत पुस्तकांवर बोला. सभासदांना आवडलं तर ती जागा तुमची."

खरं सांगतो, मला ती जागा हवीच होती. ऑफिसात मला कुणी विचारत नव्हतं, घरात तर त्याहून नाही. निदान एका ठिकाणी तरी माझ्या सहीशिवाय पान हलू नये, असं फार वाटायचं. शिवाय सही हातात आली की ती सगळी लोकप्रिय कपाटं रद्दीत घालायची, हेही मनात पक्कं होतं.

विषय ठरला, 'आपल्या वाचनालयातली दहा अज्ञात रत्नं'. नऊ रत्नं शिक्के मोजून पटापट सापडली. पहिला क्रमांक काही मिळेना. जे पुस्तक उघडावं त्याच्यावर कुणी ना कुणी शिक्का मारून घेतलेलाच! मला तर त्या वाचकांचा रागच यायला लागला.

सभेच्या दोन दिवस आधी ग्रंथपाल कुमुदताईंच्या टेबलावर एक पुस्तक दिसलं. काळी कापडी बांधणी, नाव 'तिसऱ्या पाटाचं पाणी'. मागे बघितलं, चिठ्ठी कोरी! एकसुद्धा शिक्का नाही! लेखिकेचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. आणि जे मी ऐकलेलं नाही, ते जगाने कुठून ऐकणार?

"वसंतराव, ते पुस्तक ना..." कुमुदताई म्हणाल्या.

"काही बोलू नका ताई," मी म्हणालो. "याची किंमत तुम्हाला कळायची नाही." आणि नोंदबिंद न करता पुस्तक काखेत मारून घरी आलो.

चाळीस पानं वाचली. नायिका कावेरी. नवरा वारलेला, आणि दीर रात्री पाट फोडून तिच्या मळ्याचं पाणी पळवतो. चाळिसाव्या पानावर ती रडत विहिरीच्या काठावर जाऊन बसते. मी पुस्तक मिटलं. पुढे काय होणार ते काय वाचायला पाहिजे? माझ्यासारख्या जाणकाराला?

सभा रविवारी दुपारी होती. दुपारची वेळ वाचनालयात बायकांची, त्यामुळे मी त्या वेळी कधी फिरकलेलोच नव्हतो. सभागृह बायकांनी भरलेलं! मी मनात म्हटलं, अरेरे, कुणापुढे बोलायची वेळ आली.

नऊ रत्नं सांगून झाली. लोक जांभया देत होते. मग मी आवाज चढवला, "आणि आता पहिला क्रमांक! छातीठोकपणे सांगतो, माझ्याशिवाय या सभागृहातल्या एकानेही हे पुस्तक उघडलेलं नाही!" असं म्हणून पुस्तक उंच धरलं.

सभेत कुजबुज झाली. मला वाटलं, दिपले!

"तुमचा दोष नाही," मी उदारपणे म्हणालो. "असं साहित्य पचायला पोटच वेगळं लागतं. शेवटी ती अभागी कावेरी विहिरीत उडी घेते, तेव्हा..."

"ती कुठं उडी घेती?"

तिसऱ्या रांगेतून आवाज आला. सुलाबाई. मखमलाबादला त्यांचा फुलांचा मळा. सकाळी बाजारात फुलं विकायची आणि घरी जाताना वाचनालयात टेकायचं, असा त्यांचा नेम होता. रिकामी पाटी अजून पायाशी होती.

"बाई, तुम्ही दुसरं पुस्तक म्हणत असाल," मी हसून म्हणालो.

"नाय ओ भाऊ! दीर पाट फोडतो तीच ना? ती नाय मरत! ती तिथंच इहिरीवर मोटार बसवती. आन् दीर पाणी मागाया येतो तवा काय म्हनती, सांगा बरं?"

मी काय सांगणार? मी चाळिसाव्या पानावर उभा!

पण सभागृहाने सांगितलं. अख्ख्या सभागृहाने, एका सुरात! "भावोजी, पाणी मागायचं असतं, चोरायचं नसतं!" आणि टाळ्यांचा कडकडाट. माझ्या भाषणाला मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या.

शहाणा माणूस इथे खाली बसला असता. मी चिठ्ठी नाचवली. "पण ही कोरी आहे! एकही शिक्का नाही!"

कुमुदताई शांतपणे उठल्या. "वसंतराव, ती चौथी चिठ्ठी आहे. आधीच्या तीन शिक्क्यांनी भरल्या. वाचून वाचून पानं सुटी झाली होती, म्हणून बाइंडिंगला दिलं होतं. तुम्ही उचललंत त्याच दिवशी परत आलं होतं. तेच सांगत होते मी."

मागून एक बाई कडाडली, "म्हणजे तुम्ही नेलं होतंत होय! दोन दिवस मी हेलपाटे घालतेय, माझा नंबर आहे त्यावर!"

दुसरी म्हणाली, "तुझ्या आधी माझा आहे!"

खैरनार सर डोळे पुसत उठले. हसून हसून पाणी आलेलं. त्यांनी तिथल्या तिथे सुलाबाईंचं नाव समितीसाठी सुचवलं. हात वर करा म्हणाले. सगळे हात वर गेले. लाजेकाजेस्तव माझाही गेला.

संपलं असं वाटतं ना तुम्हाला? मग आता खरं ते सांगतो, इतका वेळ तुमच्यापासून लपवलं होतं. त्या वाचनालयात माझाही एक कवितासंग्रह होता. पदरमोड करून छापलेला, स्वतःच भेट दिलेला. त्याच्या चिठ्ठीवर एकच शिक्का होता, आणि तो मीच नेला तेव्हाचा. माझ्याच नियमाने सर्वांत थोर पुस्तक ते! मग यादीत का नाही घातलं? कारण ते कुणालाच माहीत नाही, हे चारचौघांत सांगायची माझी छाती नव्हती.

कुमुदताईंना सगळं ठाऊक होतं. समितीत आल्यावर सुलाबाईंनी विचारलं, इथलं कुठलं पुस्तक अजून कुणी नेलं नाही? तर ताईंनी माझा संग्रह त्यांच्या हातात ठेवला.

आठ दिवसांनी दुपारी मी मुद्दाम रजा टाकून वाचनालयात जाऊन बसलो. छातीत धडधड, दहावीच्या निकालालाही झाली नव्हती एवढी! सुलाबाई आल्या, पाटी खाली ठेवली, पुस्तक परत केलं.

"वाचलंत?" मी विचारलं.

"वाचलं की. अख्खं वाचलं."

"मग?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कुणी ऐकत नाही याची खात्री केली. जवळ आल्या, आवाज खाली घेतला आणि आईच्या मायेने म्हणाल्या, "भाऊ, तुमी घोर नका करू. मी कुनाला सांगनार नाय."