दाराबाहेरची वादी

मिनेसोटात लेकीकडे असताना गोऱ्या वसाहतवाल्यांची जुनी लाकडी खोपी पाहायला गेले. दाराच्या भोकातून चामड्याची वादी बाहेर लोंबत होती. ती ओढली की आतला अडसर उचलला जाई. माहिती सांगणारी बाई तिथल्या मूळच्या डाकोटा जमातीची होती. "थंडीत आमची माणसं वादी ओढून आत शेकायला येत," ती म्हणाली. "मग आमच्या जमिनी गेल्या, गोऱ्यांशी लढाई पेटली आणि घरोघरच्या वाद्या आत गेल्या."

मी एकटीच आत शिरले, दार लावलं आणि वादी आत ओढली. कालचा शेजारी एवढ्यानं परका होतो. अंधारात बाहेरच्या शेतातल्या मक्याची सळसळसुद्धा पावलांसारखी वाटू लागली.

"त्या लढाईत माझी खापरपणजी अशाच एका दाराबाहेर होती," दारापलीकडून ती म्हणाली. "तान्ही पोर घेऊन, सैनिकांपासून पळत."

वादी माझ्या मुठीत होती. मूठ लवकर उघडेना.