वय अधिक शंभर

चूक माझीच. वयात शंभर मिळवले की जो आकडा येतो तेवढं बीपी ठीक, हे मी कुठंतरी ऐकलं होतं आणि खरं मानलं होतं.

आमच्या उपकेंद्रातली सिस्टर बीपी मोजण्याआधी प्रत्येकाला पाच मिनिटं गप्प बसवते. मध्ये कोणी बोललं, की पुन्हा पाच मिनिटं. सत्तरीच्या माझ्या आईचं एकशे सत्तर निघालं, तेव्हा सिस्टर म्हणाली, "भाऊ, डॉक्टरले दाखवून गोळी सुरू करा लागते. तिशी असो का सत्तरी, एकशे चाळीसच्या वर चांगलं नाही."

"सत्तर वयाले एकशे सत्तर बरोबरच हाय. आम्हाले नका शिकवू," मी म्हणालो. बसलेल्या बाया हसल्या. ती खाली मान घालून आकडा लिहीत राहिली.

चार महिन्यांनी आईला लकवा झाला.

तेव्हापासून सिस्टर दर मंगळवारी घरी येते. आईच्या चांगल्या हाताला पट्टा बांधते, लुळा हात अलगद मांडीवर ठेवते. मागचं एकदाही काढत नाही. तिच्यासमोर मला मान वर करवत नाही.

काल लसीकरणाला बाया जमल्या होत्या. मी उपकेंद्रात गेलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "ताई, तुम्ही खरं सांगत होत्या. मायचे हाल माह्यामुळं झाले. मले माफ करा."