दीदी ‘हाण’ म्हनली का ‘हाँ ना’

माझी दुसरी पोस्टिंग वर सीमेजवळ, डोंगरातल्या पोस्टवर हुती. मी फोर्समध्ये कॉन्स्टेबल. गाव शाहूवाडी तालुक्यात, शिक्षण धावी, तेबी गणितात काठावर. आमची सगळी बायकांची प्लाटून. बर्फ पडाय लागला की रस्ता बंद, त्यो डायरेक उन्हाळ्यात उघडायचा. तवर वरचं मानूस खाली न्हाय आन खालचं वर न्हाय. आता कोल्हापुरात मंगळवार पेठेत गल्लीतल्या बायका इचारत्यात, बंदूक चालवलीस का गं? चालवली की. पर मला आठवतंय ते टेबल टेनिसचं टेबल, आन कमला दीदी.

रोजचं काम ठरल्यालं. सकाळी पीटी, मंग बर्फ उपसायचा, मंग ड्यूटी, हत्यार सफाई, संध्याकाळी रोल कॉल. दुपारी ज्येंची ड्यूटी न्हाय त्येंनी मनोरंजनाच्या बराकीत जायचं. बराक म्हंजे लोखंडी अँगल आन पत्रा. आत बंद पडल्याला टीव्ही, एक बुखारी, म्हंजे धुराडं बाहेर काढल्याली रॉकेलची शेगडी, आन टेबल. दोन अर्धी जोडून केल्यालं.

कमला दीदी हेड कॉन्स्टेबल, गढवालची. फोर्सच्या टीममधनं खेळल्याली. तिनं मला खेळताना बघितलं आन कपाळाला हात लावला.

“ये क्या कर रही है तू?”

“खेलता हूँ दीदी.”

“खेलता है? छोरा है क्या?”

सगळ्या हसाय लागल्या. आमच्यात कोल्हापुरात पोरीबी आलो-गेलोच म्हनत्यात, हिंदीत बी तेच तोंडात यायचं, मी तरी काय करू.

“तू खेल नहीं रही,” दीदी म्हनली. “गेंद लौटा रही है बस.”

ते खरं हुतं. मी बॅट धरून नुसतं पलीकडं ढकलायचो आन एक पाऊल मागं. परत ढकलायचं, परत मागं. समोरचीनं कवातरी चुकावं म्हनून वाट बघत बसायची. मी पयल्यापासनं भित्री. भरतीला बी गेलतो ते घरात लगीन ठरवाय लागलंते म्हनून.

दुसऱ्या दिवशी दीदीनं रॉकेलचे मोकळे जेरीकॅन आणले आन माझ्या पाठीमागं वळीनं लावले. फुडं टेबल, मागं डबे, मधी मी. जाऊ कुटं? टाच मागं गेली की ढॅण, आन सगळी बराक वरडायची, “कोल्हापूर, पॉइंट गया!” पायाच्या चवड्यावर उभं ऱ्हायचं. चेंडू टप्पा घिऊन वर येतो, तितं वरच गाठायचा, खाली पडायची वाट बघायची न्हाय. आपली सर्व्हिस आखूड टाकायची, तिकडनं काय बी येऊ दे, तिसरा फटका आपला. “तीसरी गेंद तेरी. सोचना नहीं.”

दीदीला बोलताना शेवटी ‘हाँ ना?’ म्हनायची सवय. म्हंजे आपन ‘व्हय न्हवं?’ म्हनतो तसं. मला ते ऐकू याचं ‘हाण’. पयल्याच दिवशी ती चेंडू बोटांत धरून दाखवालती, “गेंद यहाँ तक आएगी, हाँ ना?” आन म्या हाणलं. बॅट तिच्या बोटावर.

“पागल है क्या!”

“तुमीच बोल्या की, हाण म्हनून!”

“हाण? हाण क्या होता है?”

“मार.”

ती बोटं तोंडात धरून हसत खाली बसली. तवापास्नं ती मुद्दाम तसंच बोलायची, आन ती इचारतीया का मार म्हनतीया ते कुनालाच कळंना झालं. थंडी निम्मी सरस्तोवर माझं ढकलणं सुटलं. पोरी म्हनायच्या, कोल्हापूरवाली के सामने हेल्मेट पहनो.

त्या दिवशी दुपारी आमी दोघीच आत हुतो. बाकीच्या दाल-चावल खाऊन नुकत्याच गेलत्या. आवाज मोठा न्हाय आला. पोती वढल्यागत आला. मंग अंधार. मी टेबलाखाली गेलो कशी ते मलाच कळलं न्हाय. वरनं बर्फाचा कडा सुटलाता आन डोंगराकडची भिंत छपरासकट आत आलीती. दार गेलं. दीदी भिंतीला चेपल्याली, दोन्ही मांड्यांवर छपराचा अँगल.

“बुखारी बंद कर,” पयलं हेच म्हनली.

धुराडं बर्फात गाडल्यालं, धूर आतच भरालता. बंद केली. मंग थंडी. दीदीच्या छातीवर वॉकीटॉकी हुता. तिनं दाबला. “कंट्रोल, कंट्रोल, मनोरंजन बराक. ओवर.” नुसती खरखर. परत. परत खरखर. अँगल म्या वढला, हलला न्हाय, परत वढला, ती वरडली, म्या सोडला. तिच्या पँटीखालचं सगळं वलं हुतं, टॉर्च लावून बघितलं आन टॉर्च बंद केली.

“पानी है,” ती म्हनली. पानी नव्हतं.

बर्फाळ पोस्टवर बेलचा, म्हंजे बर्फ उपसायचं फावडं, बराकीच्या आतच ठेवायचा असा नियम. तो घावला. दरीकडच्या भिंतीला बर्फ कमी असंल, दीदी म्हनली, तितला पत्रा फोड. मी गेलो. बेलचा लावला आन नुसता खरवडाय लागलो. जोरात मारलं तर वरचं आनी खाली येईल, दीदीवर येईल, माझ्यावर येईल, माझं हात चालंनात, श्वास पुरंना, मी आईला हाक मारालतो, मोठ्यानं, ल्हान पोरागत.

“ढकेल मत,” मागनं दीदी म्हनली. आवाज बारीक झालता. “रिवेट की लाइन पे. वहीं से खुलेगा.” जरा थांबली. “हाँ ना?”

का हाण. मला आजबी सांगता यायचं न्हाय.

म्या मारलं. खांद्यापास्नं मारलं. पत्र्याच्या सांध्याचा रिवेट तुटला. दुसरा तुटला. पत्र्याची धार हाताला लागली ते नंतर कळलं. वरनं काय पडलं न्हाय. पत्रा वाकला, मागं हातभर बर्फ, त्यो उपसला आन उजेड आला. ताटलीएवढा. वॉकीटॉकी त्या भोकातनं बाहेर धरला.

“कंट्रोल, बराकीत दोघी. एक जखमी. ओवर.”

“पोझिशन बोलो. ओवर.”

“दरी की तरफ का पत्रा. जल्दी आवो. ओवर.”

“तू निकल,” दीदी म्हनली.

“न्हाय.”

“ऑर्डर है.”

“न्हाय दीदी.”

भोक तसं बी माझ्या मापाचं नव्हतं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. बाहेर बेलच्यांचा आवाज याय लागला. आमच्या पोरी हुत्या आन शेजारच्या पोस्टवरचे जवान. त्येंनी पत्रा कापला, अँगल उचलला. एमआय रूम, म्हंजे पोस्टवरचा दवाखाना, तो बी गाडल्याला, स्ट्रेचर तितंच आत. इन्स्पेक्टर मॅडमनी इकडं तिकडं बघितलं.

“टेबल खोलो.”

टेबलाचं एक अर्धं सुटं केलं, पाय काढले, दीदीला त्याच्यावर बांधली आन चौघांनी उचलली. हेलिपॅडवर ढग. हेलिकॉप्टर वर घिरटी घालून गेलं. परत आलं, परत गेलं. तवर आमी तिच्या भवतीनं पाठी करून बसलो, वारं लागू नये म्हनून. ती जागी हुती. शेवटी ढग फाटलं आन ते उतरलं. त्यातले डॉक्टर म्हनले, हलवू नका, हाय तशीच फळीसकट चढवा. जागा एकाचीच, म्हनून मला खालीच ठेवलं.

अंधार पडायच्या आत वायरलेस सेट वाजला. “हेड कॉन्स्टेबल कमला, नो मोर. ओवर.”

“रॉजर,” मॅडम म्हनल्या. मंग रोल कॉल झाला.

रस्ता उघडला तवा मी खाली उतरलो. फुडं लगीन झालं, बाळ झालं, नोकरी सोडली. मालक दुधाच्या टँकरवर असत्यात, वारणानगरला जाऊन येऊन. दोन खोल्यांचं घर. मला दार लावून बसाय होत न्हाय. कडी घातली की छाती दाटती, बाळाला काखंला मारून मी चौकात येऊन उभी ऱ्हातो. सासूबाई म्हनत्यात, फौजंतली बाई आन कडीला भिती. म्हनू द्यात.

कमला दीदीचा फोटो पोस्टवर लावलाय. नवी प्लाटून आली, नव्या पोरी आल्या. बराक परत उभी केली. टेबलाचं उरल्यालं अर्धं भिंतीला लावलंय, आन पोरी एकेकट्या भिंतीसंगट खेळत्यात. परवा त्यातल्या एकीनं कुनाकडनं तरी माझा नंबर घिऊन फोन लावला. नाशिककडची हाय. इकडचं तिकडचं बोलली, जेवान कसं, थंडी किती. मंग म्हनाली, “ताई, या टेबलाचं दुसरं अर्धं कुठं गेलं? कुणीच सांगत नाही.”

बाळ रडालतं. त्याला खांद्यावर घेतलं.

म्हनलं, “दीदी घिऊन गेली.”