भात्याची कोरडी होडी

त्याला सगळे भाता म्हणत. लोहाराच्या भट्टीशी असतो, तो भाता. एकतीस वर्षांपूर्वी इस्पितळाच्या धुलाईखान्यात तो कामाला लागला, त्या दिवशी त्याने मोठ्या यंत्राच्या पिंपातून ओल्या चादरींचा अख्खा गुंता एका दमात बाहेर खेचला. खेचताना छातीतून असा काही आवाज निघाला, की तेव्हाचा मुकादम म्हणाला, "अरे, हा माणूस आहे की भाता?" नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे पुढे बायकोसुद्धा चिडली की तेच म्हणायची.

काम एकच. पिंप थांबलं की दार उघडायचं, पाय रोवायचे, पाठ मागे टाकायची आणि ओढायचं. ओल्या चादरी एकमेकींच्या गळ्यात गळे घालून बसलेल्या असत. एक ओढली की दहा येत. तिथून त्या ड्रायरमध्ये जात आणि ड्रायरमधून घडीच्या टेबलावर. टेबलाशी घडीवाली. भात्याहून बारा वर्षांनी लहान, जिभेची तिखट, आणि हात इतका चपळ की बोलता बोलता चादरीची घडी कधी झाली ते कळायचं नाही. ड्रायरचं दार उघडलं की सुकलेल्या कपड्यांची लव हवेत उडायची. खिडकीची कड, दिव्याची तार, माणसांच्या भुवया, सगळं त्या लवेने करडं झालेलं. नव्या माणसाला शिंका येत. जुन्यांना काहीच होत नसे, निदान तसं ते म्हणत.

नोकरीच्या एकतिसाव्या वर्षीच्या तपासणीत भात्याला एका नळीत फुंकायला लावलं. एकदा, दोनदा, तीनदा. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"तुमचा दम निम्म्याहून थोडाच जास्त राहिलाय, काका. ही लव आत जाऊन बसलीय. मला तुम्हाला कामाला अयोग्य लिहावं लागेल."

"तीनच वर्षं राहिलीत, बाई."

"ती घरी बसून आरामात काढा."

घरी बसून! भात्याचा थोरला भाऊ याच इस्पितळात बॉयलरवर होता. त्यालाही असंच घरी पाठवलं होतं. तो खिडकीशी वेताच्या खुर्चीत जाऊन बसला, आणि आठ महिन्यांत त्या खुर्चीतच गेला. सगळे म्हणाले, हृदय. भाता मनाशी म्हणे, खुर्ची. ती अजून घरात होती. तिच्यावर कुणी बसत नसे आणि ती टाकूनही देववत नसे.

"नळीचं काय घेऊन बसलात," तो म्हणाला. "मी रोज शेकड्यांनी चादरी ओढतो. नळीत ते दिसतं का?"

बाईंनी फॉर्म पुढे ओढला. त्यांच्या पाठीमागे भिंतीवर एक पत्रक लावलेलं होतं. वल्हवण्याच्या यंत्रावरच्या शर्यती, अंतर दोन हजार मीटर, पन्नाशीपुढच्यांचा वेगळा गट. चित्रात एक माणूस सरकत्या बैठकीवर बसून साखळी ओढत होता. भात्याने ते यंत्र लगेच ओळखलं. व्यायामोपचार विभागाने टाकून दिलेलं तसलंच एक चार वर्षांपासून धुलाईखान्यात, ड्रायरच्या मागे पडलं होतं. सगळे त्याला होडी म्हणत आणि त्यावर ओली फडकी वाळत घालत.

"यात उतरतो," तो म्हणाला.

बाई आधी हसल्या. मग त्याचा चेहरा बघून थांबल्या. "माझा नवरा उतरतो त्यात. तुमच्या वयाला आठ मिनिटांच्या आत येणाऱ्याची छाती कशी असते, ते मला माहीत आहे. बरं. आठच्या आत या आणि शिक्क्याचा कागद आणा. मी हा फॉर्म फाडून टाकते. चार महिने थांबते मी. त्यापुढे नाही."

दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत घडीवालीने होडीवरची फडकी उचलली. होडीच्या तोंडाशी जाळीच्या गोल पेटीत एक पंखा होता. साखळी ओढली की तो फिरे आणि हवा कापे. तेच पाणी समजायचं. पेटीच्या बाजूला एक दांडी होती, एकपासून दहापर्यंत सरकणारी. आकडा मोठा तितकी ओढ जड. भात्याने दांडी थेट दहावर नेली.

"आधी तीन-चारवर बघा की, दादा," घडीवाली म्हणाली.

"तीन-चारवर बसायला मी काय पाहुणा आहे?"

पहिल्या दिवशी नऊ मिनिटं बारा सेकंद लागली. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि अर्धा तास हाताची मूठ वळेना. दोन आठवडे तो नुसता हातांनी ओढत राहिला. मग एका दुपारी त्याच्या ध्यानात आलं, की अरे, हे तर आपलं पिंपच आहे. आधी पाय, मग पाठ, हात सगळ्यात शेवटी. एकतीस वर्षं जे केलं तेच बसून करायचं. त्यानंतर वेळ उतरत गेली. आठ चाळीस. आठ एकोणीस. आठ सात. घडीवाली घड्या घालता घालता ओढी मोजायची आणि रोजचा आकडा पेन्सिलीने भिंतीवर लिहायची.

"दादा, होडी अजून टेबलापाशीच आहे हं. बोटभर पुढे गेलेली नाही."

"तू मोज गुपचूप. आणि एवढी खोकतेस कशाला? समुद्राचं वारं लागलं?"

"सर्दी आहे हो. मेली जातच नाही."

घरी बायको त्याच्या पाठीला तेल चोळायची आणि तोंडाने चालूच असायची. "जमिनीवर होडी चालवणारे तुम्हीच बघितले. बुडालात तर मी उडी तरी कुठे मारू?" पण चोळायची थांबत नसे. एकदा चोळता चोळता तिचा हात मध्येच थबकला. तिची नजर खिडकीकडे गेली होती. तिने ती वेताची खुर्ची भिंतीकडे तोंड करून फिरवून ठेवली आणि परत तेलाची वाटी घेतली.

शर्यतीच्या आठ दिवस आधी पडद्यावर आकडा आला, सात मिनिटं सत्तावन्न. घडीवालीने हातातली चादर टाकून दिली. तिने तो आकडा भिंतीवर इतका मोठा लिहिला, की मुकादम ओरडला.

शर्यत एका मोठ्या सभागृहात होती. बारा यंत्रं ओळीने मांडलेली, नवी कोरी, जाळ्या आरशासारख्या लखलखीत. स्पर्धक आधी थोडं थोडं ओढून अंग मोकळं करत होते. भात्याने यंत्राला हातही लावला नाही. त्याचं गणित साधं होतं. दम मोजका आहे, तो आत्ताच कशाला उधळा? तो भिंतीला टेकून हळूहळू श्वास घेत उभा राहिला.

शेजारच्या यंत्रावर एक निवृत्त मास्तर होते, पांढऱ्या मिशांचे, काटकुळे. त्यांची दांडी चारवर होती.

"तुमची कितीवर लावू?" कार्यकर्तीने भात्याला विचारलं.

"दहावर."

मास्तरांनी वळून पाहिलं. "दहावर? एकदा ओढून तरी बघा."

"मी चार महिने दहावरच ओढतोय," भाता म्हणाला. मनात म्हणाला, चारवर तर आमची घडीवालीसुद्धा ओढेल.

इशारा झाला. पहिल्याच ओढीला त्याला वाटलं, कुणीतरी साखळी मागून धरून ठेवलीय. पिंप पाण्याने काठोकाठ भरलेलं असताना चुकून दार उघडावं आणि चादरी ओढायला जावं, तसं. पण चहूकडे आरडाओरडा होता, अंगात चार महिन्यांची तयारी होती. तो जोर लावत गेला. पहिले पाचशे मीटर त्याने एक चौपन्नमध्ये काढले. दांडी हाताच्या अंतरावर होती. ती खाली करावी हे त्याच्या मनाला शिवलंच नाही. दहा त्याचा आकडा होता. हजाराला मांड्यांतली ताकद सांडून गेली. पंधराशेला छातीतून तो जुना आवाज यायला लागला, पण आता त्याला कुणी हसलं नाही. जवळ उभी असलेली कार्यकर्ती पाण्याची बाटली घेऊन वाकली आणि म्हणाली, "थांबायचं का, काका?" त्याने नकाराची मान हलवली. शेवटचे दोनशे मीटर त्याने कसे ओढले ते त्याला पुढे कधीच आठवलं नाही.

आठ मिनिटं सव्वीस.

मास्तर सात एक्कावन्नमध्ये आले होते. ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले. त्याचा खोकला थांबेपर्यंत बसून राहिले आणि मग म्हणाले, "तुमचं सरावाचं यंत्र असतं कुठे?"

"धुलाईखान्यात. ड्रायरच्या मागे."

"जाळी कधी साफ केली होती?"

"जाळी? ती कशाला साफ करायची?" भात्याने विचारलं.

"अहो, दांडी म्हणजे हवा आत येण्याचं दार. जाळी तुंबलेली असेल तर दार सताड उघडून काय उपयोग? हवा यायची तेवढीच येते. तुमचं तिथलं दहा म्हणजे इथलं चार. आज तुम्ही डोंगर ओढलात."

"म्हणजे माझे सत्तावन्न खोटे?"

"खोटे कशाला? पडदा ओढ बरोबर मोजतो, जाळी कशीही असो. सत्तावन्न तुमचेच. दांडी तेवढी चुकली."

सोमवारी सकाळी भाता डॉक्टरीणबाईंपुढे उभा होता. त्याने जाळी, दांडी, हवेचं दार सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

"मला यंत्रातलं कळत नाही, काका. उगाच सबब सांगताय असं मी म्हणत नाही. पण माझ्या हातात आठ सव्वीसचा कागद आहे. काहीतरी डोळ्यांनी दिसेल असं आणा. ते दिसलं तर दीड महिन्याने पुढची शर्यत आहे, तोवर थांबेन. पण आज बाराच्या आत आणा, बारानंतर हे कागद वरच्या कचेरीत जातात."

तो जिना उतरला तो जवळजवळ उड्या मारत. धुलाईखान्यात जाऊन होडीचे स्क्रू काढले, पेटी उघडली. आत लव बसली होती. नुसती धूळ नव्हे. दाबून दाबून नमदा झालेला करडा थर, ताटाएवढा गोल आणि गादीसारखा जाड. त्यात धागे, केस, एका मळक्या पट्टीचा तुकडा. भात्याने दोन्ही हातांनी ओरबाडून काढलं आणि उशीच्या एका अभ्र्यात भरलं. अभ्रा गच्च भरला.

"हे बघ! हे बघ काय निघालं!" तो ओरडला.

घडीवाली बघत होती. तिच्या तोंडून एकही टोमणा आला नाही.

"हे वर नेणार?"

"नेणार म्हणजे? बाराच्या आत."

"आणि बाई काय म्हणतील? एका मशीनमध्ये एवढं, तर माणसांत किती? उद्या सगळ्यांना नळी लावतील, दादा."

"लावू देत की. तुम्हाला काय झालंय?"

तिने दाराकडे बघितलं. मुकादम बाहेर होता. मग इतका वेळ दाबून धरलेला खोकला तिने चादरीत तोंड खुपसून मोकळा सोडला. तो बराच वेळ चालला.

"दोन वर्षं तपासणीच्या दिवशी मी रजा टाकतेय," ती म्हणाली. "सर्दी नाही ती. आई अंथरुणाला खिळलेली, पोरगी शाळेत. माझ्या घरात दुसरं कुणी कमावणारं नाही."

"अगं, पण ही लव तुला खातेय."

"मला ठाऊक नाही का ते? आत्ता पोट बघू दे. छातीचं मागाहून."

भाता होडीच्या बैठकीवर बसला. अभ्रा मांडीवर होता. हातात घेतला तर काहीच वजन नाही, लहान मुलाची उशी असावी तसा. समोर भिंतीवर मोठ्या अक्षरांत सात सत्तावन्न. त्याला राग आला, तिचा आला, मग स्वतःचाच आला. पहिल्या दिवशी ती म्हणाली होती तीन-चारवर बघा म्हणून. बघितलं असतं तर ओढ तेवढीच लागली असती, आणि शर्यतीतही त्याने चारच सांगितलं असतं.

बाराला दहा कमी असताना तो उठला. ड्रायरची रोजची लव टाकायचं जे मोठं पोतं होतं, त्यात त्याने अभ्रा उलटा केला. लवेत लव मिळून गेली. कुणी वेचून काढू म्हटलं असतं तरी वेगळी निघाली नसती.

"काय आणलंत?" वर बाईंनी विचारलं.

"काही नाही, बाई."

"जाळीत काही निघालं नाही?"

"दमच कमी पडला माझा."

बाईंनी पेन उचललं, पण लगेच कागदावर टेकवलं नाही. त्यांना काहीतरी वेगळं ऐकायचं होतं, असं त्याला वाटलं. मग त्यांनी फॉर्मवर सही केली आणि शिक्का मारला.

खाली येताना तो प्रत्येक पायरीवर थांबत होता. आपण घडीवालीला वाचवलं, की स्वतःच्या हातांनी आणखी थोडं त्या लवेत लोटलं? जिना संपला, पण ते ठरलं नाही.

घडीवालीने मान वर केली नाही. फक्त एका मोठ्या चादरीची दोन टोकं त्याच्याकडे सरकवली. त्याने धरली. दोघं चार पावलं मागे सरली, चादर ताणली, मग एकमेकांकडे चालत आली. तेवढ्यात तिला पुन्हा खोकल्याची उबळ आली आणि मुकादमाचं डोकं दारातून आत डोकावलं.

"कोण एवढं खोकतंय रे?"

"मी," भाता म्हणाला. "दुसरं कोण असणार?"

मुकादमाला वरून निरोप मिळालेला होता. तो जरा नरमला. "असू दे, असू दे. आज लवकर घरी गेलास तरी चालेल."

मुकादम गेला. घडीवालीने भात्याच्या हातातली टोकं स्वतःच्या हातात घेतली आणि चादर मिटली. ड्रायर थांबला होता. भात्याने सवयीने त्याचं दार उघडायला हात पुढे केला, मग मागे घेतला, आणि बाजूला होऊन उभा राहिला.