जेद्दातली फाईल

लष्करी अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीत निवड झाली आणि सहाव्या दिवशी दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात माझी मेडिकल झाली. मेजर डॉक्टरांनी पाठीवरच्या व्रणावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"हृदयाचं ऑपरेशन, सर. तीन वर्षांची होते. जेद्दात झालं."

"कागद?"

"नाहीत, सर."

शेरा पडला: परमनंट अनफिट. अपील करायला बेचाळीस दिवस होते.

हृदयाजवळची एक नळी जन्मानंतर आपोआप मिटते. माझी मिटली नव्हती, सर्जननी ती पाठीच्या बाजूने बांधली. त्यानंतर मी शाळेत पंधराशे मीटर धावून जिंकले. पण बोर्डाला ऑपरेशनची नोंद हवी होती.

मी सौदीत यान्बूला गेले. बाबा तिथे रिफायनरीत फोरमन. मूळचे चिपळूणचे, मोजकं बोलणारे. जेद्दाच्या हॉस्पिटलात त्यांनी नऊ फोन केले होते. उत्तर एकच: एवढी जुनी फाईल नाही.

"फोनवर नाही म्हणणं सोपं गो," ते म्हणाले. "समोर जाऊन बसू."

पहाटे साडेचारला निघालो. साडेआठला रेकॉर्ड ऑफिसच्या खिडकीशी होतो. तिथल्या माणसाने माझं नाव दोनदा शोधलं. "मा फी." नाही. बारा वाजता खिडकी बंद झाली. बाबा बाकावरून उठले नाहीत.

आमचं मराठी ऐकून एक नर्स थांबल्या. जाधव सिस्टर, मिरजेच्या, ऑपरेशन थिएटरमध्ये जुन्या. सगळं ऐकून घेतलं.

"तेव्हा लहान मुलांच्या फाईली वडिलांच्या इकाम्यावर असायच्या. त्या रहिवासी परवान्याचा नंबर सांगा."

"मधे सौदी सोडून परत आलो, इकामा नवा झाला," बाबा म्हणाले.

"जुना आठवतो?"

बाबांनी दहा आकडे न अडखळता सांगितले.

खिडकी उघडल्यावर सिस्टर स्वतः आत गेल्या. सव्वादोनला फाईल आली. सर्जनची नोंद होती, तपासण्या होत्या. संमतीच्या कागदावर बाबांची सही होती, वाकडीतिकडी. त्यांचं अक्षर एरवी छापल्यासारखं.

अडतिसाव्या दिवशी मी अपील बोर्डासमोर उभी राहिले. इको झाला, ट्रेडमिल झाली. कर्नलनी फाईल शेवटच्या पानापर्यंत वाचली.

"कहीं कोई लीक नहीं. फिट."

मी बाहेर येऊन यान्बूला फोन लावला.

"फिट, बाबा."

मागे प्लांटचा घरघराट होता. मग बाबांचा आवाज आला, मी कधी न ऐकलेला, मोठा: "अरे, पोरगी फौजेत चालली!" पलीकडून टाळ्या ऐकू आल्या.

सिग्नल्समध्ये, लष्कराच्या संपर्क दलात, कमिशन मिळालं. तिसऱ्या वर्षी अरुणाचलात दरड कोसळली. अकरा जवान पलीकडे अडकले, संपर्क तुटला. रेडिओ सेट वरच्या कड्यावर नेणं भाग होतं. मी आणि नायक रावत चढलो. वाटेत दगड पुन्हा सुटले. रावतने सेट माझ्याकडे ढकलला. स्वतः बाजूला व्हायला त्याला वेळ मिळाला नाही.

सोळा चाळीसला मी कड्यावर पोचले. आधी पलीकडच्या जवानांशी संपर्क झाला. मग कंट्रोलशी.

"कंट्रोल, अकरा जिवंत. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"रॉजर. तुमची पार्टी? ओव्हर."

"एक शहीद. ओव्हर."

अंधार पडण्याआधी अकराही जण खाली आले.

कमिशनची मुदत संपली, आता मी जेद्दात नोकरी करते. इथली मराठी मंडळी विचारतात, त्या ऑपरेशनचा फौजेत कधी त्रास झाला का? नाही. त्या चढावर माझा श्वास शेवटपर्यंत पुरला. रावत सत्तावीस वर्षांचा होता, उत्तराखंडातल्या पौडीचा. अर्ध्या चढावर मागे वळून हसत म्हणाला होता, "मॅडम, आप तो थकती ही नहीं."