जुन्या पुस्तकांची कव्हरं

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते, आणि ते खरंच आहे. कॉलेजात लेक्चर चालू असतं, सर बोर्डवर काहीतरी लिहीत असतात आणि माझं डोकं आमच्या गावच्या सिंधीपुऱ्यात, रद्दीच्या दुकानात फिरत असतं. आज तिथे काय आलं असेल? मी जायच्या आत गठ्ठे बांधून ट्रकात तर गेले नसतील? हा किडा एकदा वळवळायला लागला की मला बेंचवर बसवत नाही. मैत्रिणी जिलेबी खायला निघतात, मी अर्ध्या रस्त्यातून कलटी मारते आणि धुळीत हात घालून बसते. दुकानवाले चाचा मला पाहिलं की म्हणतात, "आ गई पगली," पण आमच्या हिंदी मुलखात रद्दीला येणारी मराठी पुस्तकं माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात.

मी जुन्या मराठी कादंबऱ्या जमवते. थोर वगैरे नाहीत. रहस्यकथा, भुताच्या गोष्टी, रडक्या प्रेमकथा. कुणीतरी दुपारी लोळत वाचलेल्या आणि मुलं पुण्याला नाहीतर इंदूरला गेल्यावर रद्दीत निघालेल्या. गोष्टींचं मला एवढं नाही, माझा जीव त्यांच्या कव्हरांवर. हाताने रंगवलेली चित्रं. हिरव्या तोंडाचा खुनी, टेलिफोन धरून घाबरलेली बाई आणि तिच्यामागे काही कारण नसताना एक लाल मोटार. आत समासात कुणाकुणाची नावं, कधीच बंद पडलेल्या वाचनालयाचा जांभळा शिक्का. मोबाइलवर दिवसभर एवढं काय काय बघते, पण असं काही बघायला मिळत नाही.

पप्पांना हे पटत नसे. जवळच्या गावात कागदाची मिल आहे, तिथे ते रोज गाडीने अप-डाउन करतात. गावोगावची रद्दी तिथे येते, तिचा लगदा होतो आणि लगद्याचा नवा कागद. "लोकायच्या पोरी कपडे जमवतात, आमची पोरगी आमच्या मिलचा कच्चा माल जमवते," असं ते पाहुण्यांसमोर म्हणायचे. पाहुणे हसायचे. मीही हसायचे, पण मला ते लागायचं. बाकी जगाने वेडी म्हटलं तरी माझं काही जात नव्हतं. पप्पांनी एकदा माझं एखादं पुस्तक हातात घेऊन "चांगलं आहे" म्हणावं, एवढीच हाव होती.

मागच्या उन्हाळ्यात मावसबहिणीच्या लग्नाला इंदूरला गेले. परत येऊन पाहते तर पलंगाखालची लोखंडी पेटी रिकामी.

"पप्पांनी नेले बांधून," आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली.

"कुठं?"

"मले काय मालूम? मिलमध्येच नेले असतील. अजून कुठं नेणार ते?"

मी लगेच पप्पांना फोन लावला, पण मिलच्या आत फोन नेता येत नाही, तो बाहेर कप्प्यात वाजत राहतो. मी तो वाजवतच राहिले. मग घरात बसवेना म्हणून नदीवरच्या राजघाटापर्यंत चालत गेले. बायका पायऱ्यांवर गोधड्या धूत होत्या. जरा टेकले आणि लगेच उठले. पुस्तक पाण्यात टाकल्यावर त्याचा लगदा व्हायला किती वेळ लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते पप्पांना. तिथून चाचांच्या दुकानात गेले. पुस्तकं निदान इथे विकली असतील असं वाटलं होतं, पण पप्पा आलेच नव्हते, म्हणजे ती आशाही संपली. संध्याकाळची गाडी यायला बराच अवकाश होता, तरी मी स्टेशनवर जाऊन येरझारा घालू लागले. एका हमालाने दोनदा विचारलं, कोई खो गया क्या.

पप्पा उतरले ते दोन्ही हातांत सुतळीने बांधलेले गठ्ठे घेऊन. घामाघूम, पण चेहरा असा, की जणू पोरीचा पहिला नंबर आलाय.

"खोल," ते म्हणाले.

मी तिथेच बाकड्यावर सुतळी सोडली. तपकिरी रेक्झिन, काळ्या कापडाचे कोपरे, पाठीवर सोनेरी अक्षरांत माझं नाव. मिलच्या गावातल्या बाइंडरकडून त्यांनी अख्खी पेटी बांधून आणली होती.

"आता कोणी याले रद्दी म्हणून दाखवो," ते म्हणाले.

मी वरचं पुस्तक उघडलं. खुनी नव्हता. दुसरं उघडलं. टेलिफोनवाली बाई नव्हती. कडा मशीनवर कापल्या होत्या, त्यात समासातली नावंही अर्धी उडाली होती.

"पप्पा, कव्हरं कुठे आहेत?"

"काढली ना."

मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. मिलमध्ये त्यांचं काम छाटणीचं. पुस्तक लगद्यात जाण्याआधी त्याचं कव्हर ओढून काढायचं, पिना काढायच्या, गोंदाची पाठ उपटायची, कारण त्या चकचकीत पापुद्र्याने लगदा नासतो. कव्हर म्हणजे कचरा, आतला कागद म्हणजे माल. अख्खी नोकरी त्यांनी हेच केलं होतं. "बाइंडरच्या हातानं पानं फाटली असती," ते म्हणाले. "म्हणून मीच बसून काढली सगळी. एक पान फाटलं नाही, पाहून घे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कव्हरांसाठीच तर जमवत होते मी! आता काय करू ह्या विटांचं?" लोक वळून बघायला लागले. पप्पांनी गठ्ठे पुन्हा बांधले, उचलले आणि घरापर्यंत माझ्या पुढे चालत राहिले.

त्यानंतर घरात जीव रमेना. मला हवं होतं ते मिळालं होतं, पप्पांनी माझी पुस्तकं मानाने हातात घेतली होती, आणि नेमकं तेच मला सहन होत नव्हतं. राग यायचा, आणि मग त्यांचा तो स्टेशनवरचा चेहरा आठवून रागाचाही राग यायचा. पप्पांनी कच्च्या मालाची चेष्टा करणं सोडून दिलं. ते तर फारच वाईट होतं. चाचांकडे जायला निघायचे आणि वाटेतूनच परत फिरायचे.

असेच काही आठवडे गेले. एका संध्याकाळी पप्पा आले आणि बूटही न काढता डब्याच्या पिशवीतून खाकी कागदाचं पुडकं काढून माझ्यापुढे ठेवलं. "साहेबाले विचारून आणलं. गेटवर दाखवलं पण," ते म्हणाले.

आत कव्हरं होती, माझी नव्हेत, मिलमध्ये आलेल्या दुसऱ्याच पुस्तकांची. चांगली चळत. ओल्या फडक्याने पुसून, वजनाखाली ठेवून सपाट केलेली. सगळ्यात वर विहिरीत कंदील सोडणारी बाई होती. ही कादंबरी मी दोन वर्षं शोधत होते. चाचांना, मोबाइलवर जुनी पुस्तकं विकणाऱ्यांना, सगळ्यांना विचारून झालं होतं.

"पप्पा, याच्या आतलं?"

"आतलं गेलं ना लगद्यात," ते खुशीत म्हणाले. "तुले कव्हरच पाहिजे ना?"

हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. "पप्पा, मला अख्खं पुस्तक पाहिजे. बाहेरचं पण, आतलं पण."

"दोन्ही?"

"दोन्ही."

ते खुर्चीवर बसले आणि बूट काढायला वाकले. एका बुटाची लेस सोडून तसेच थांबले.

"आज सकाळीच होतं माझ्या हातात," ते म्हणाले. "अख्खं."