त्रिकोणवाल्या ताराचंदचं चौथं

नंदनवन वस्तीत त्या काळी घरं थोडी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. ताराचंद नंदेश्वरचं दोन खोल्यांचं कौलारू घर तिथंच. कुणी पत्ता विचारला तर लोक सांगायचे, "त्रिकोणवाले काय? ते निळ्या दाराचं घर." ताराचंद कुटुंब नियोजनाच्या खात्यात होता. भिंतींवर लाल त्रिकोण काढायचे, खाली 'दोन किंवा तीन मुलं पुरेत' असं ठसठशीत लिहायचं, आणि अधूनमधून जीपमधून कळमेश्वरकडच्या खेड्यांत जाऊन तेच तोंडानं सांगायचं, ही त्याची नोकरी. अक्षर सुरेख आणि आवाज खणखणीत. छप्पन साली बापासोबत दीक्षा घेतली तेव्हापासून त्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती, की माणसाला नीट समजावून सांगितलं की माणूस बदलतो.

शिवाय त्याला स्वतःला मुलं तीनच. मोठी प्रेमलता सातवीत, मधला प्रसेनजित, ज्याला सगळी गल्ली परसू म्हणायची, आणि धाकटी यशोधरा, अजून शाळेतही न जाणारी. भाषणाच्या शेवटी ताराचंद तीन बोटं वर करायचा आणि म्हणायचा, "माह्याकडे पाहा." लोक पाहायचे. त्याचं ऐकून कितीतरी बाप्ये नसबंदीच्या शिबिराला जाऊन आले. तो मात्र राहून गेला. दर शिबिरात त्याला इतरांना आणण्या-पोचवण्याचं एवढं काम असायचं, की स्वतः टेबलावर आडवं व्हायला सवड मिळायचीच नाही.

एका उन्हाळ्यात त्याची बायको पंचफुला भाकर थापता थापता म्हणाली, "तुमच्या त्रिकोणाले चौथा कोपरा फुटून राह्यला."

ताराचंद आधी पाणी प्यायला. मग उठून दार लावून आला. "कोणाले सांगू नको," तो म्हणाला.

"सांगत नाई. पण पोट काय फडताळात ठेवू?"

त्यानं पुष्कळ विचार केला. दवाखान्यात जायची सोय नव्हती, कारण दवाखान्याच्या भिंतीवर त्याच्याच हातचा त्रिकोण होता आणि आतल्या सगळ्या नर्सबाया त्याला नमस्कार करायच्या. भंडाऱ्याहून मेहुणीला बोलवावं, तर ती एसटी स्टँडापासूनच सांगत येणारी. म्हणून बाळंतपण घरीच करायचं ठरलं, म्हाताऱ्या तुळसाबाई दाईच्या हातानं आणि शेजारपाजाऱ्यांच्या नकळत. पावसाळाभर तो या बेतावर खूश होता. शेजारची सिंधूताई चौथ्या महिन्यापासून लिंबाचं लोणचं पाठवत होती, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. गल्लीला सगळं ठाऊक होतं. त्रिकोणवाले भले गृहस्थ, त्यांना लाजवायचं कशाला, म्हणून कुणी चकार शब्द काढत नव्हतं इतकंच.

दिवस भरत आले तशी तुळसाबाई पाहून गेली आणि म्हणाली, "माह्यासंगं एक बाई पायजे. हिले पाठीमागून धरायले. माह्या हातात आता पहिलेवाणी जोर नाई."

"बाई नको," ताराचंद म्हणाला. "बाई आली की गोष्ट बाहेर जाते."

"मंग तुमी धरता काय?"

पंचफुला म्हणाली, "पोरं हायेत ना. प्रेमा धरते. त्याइचंच भावंड येऊन राह्यलं."

"लेकराइले? अशा वक्ती?" ताराचंदला ते भयंकर वाटलं. "लेकराइनं पाहाची गोष्ट हाय काय ही?"

"गावोगावच्या लोकाइले चित्रं दाखवता. घरच्या पोराइले काहून नाई?"

तेव्हा त्या रविवारी त्यानं तिघांना ओळीनं बसवलं, सरकारी चित्रांचा तक्ता खुंटीला टांगला आणि समजावायला सुरुवात केली. खेड्यात हजार माणसांपुढे न अडखळणारा ताराचंद घरात फुलापासून सुरू झाला आणि फळापर्यंत येऊन थांबला. परसूनं विचारलं, "बाबा, मंग आई कोणतं झाड हाय?" यशोधरा तोवर झोपून गेली होती. शेवटी पंचफुला स्वयंपाकातून पदराला हात पुसत आली. बाळ कुठे आहे, कुठून येईल, आई ओरडेल, रक्त दिसेल, भ्यायचं नाही, एवढं तिनं सांगितलं आणि पुन्हा वरण ढवळायला गेली. प्रेमलतानं फक्त एक विचारलं, "मी झाली तवा तुले कोणी धरलं?" पंचफुला म्हणाली, "भिंतीनं."

वेळ आली ती थंडीतल्या एका सकाळी, सुट्टीच्या दिवशी. तुळसाबाई येऊन पोचली. कामं आधीच वाटलेली होती. प्रेमलता आईच्या पाठीशी. यशोधराकडे ओला रुमाल, आईचं कपाळ पुसायला. परसूला ताराचंदनं दारात बसवलं आणि घोटवून घेतलं, की कुणीही आलं तरी 'आईले ताप आला हाय' एवढंच म्हणायचं. स्वतः ताराचंद देखरेखीला आत उभा राहिला.

तो फार वेळ उभा राहिला नाही. पंचफुलाची पहिली मोठी कळ आली आणि त्याच्या डोळ्यांपुढे कौलं फिरायला लागली. प्रेमलतानं आईला सोडलं नाही, पण मान वळवून म्हणाली, "यशे, बाबाले पाणी दे, अन् मागच्या आंगणात बसवून ये." चार वर्षांच्या यशोधरेनं बापाचं बोट धरलं, त्याला पेरूच्या झाडाखाली दगडावर बसवलं, हातातल्या रुमालानं त्याचंच कपाळ पुसलं आणि पुन्हा आत गेली. जाताना दार लोटून घेतलं.

ताराचंद तिथं बसून राहिला. आतून आवाज येत होते. पंचफुला कण्हत होती, तुळसाबाई दटावत होती, आणि मधूनच यशोधरेचा बारीक प्रश्न, "दुखते काय वं आई?" पंचफुलाचं उत्तर धापा टाकत आलं, "दुखते. पण तुह्यामुळे नाई. तू पूस." त्याच्या मनात आलं, आपण इतकी वर्षं कशाबद्दल बोलत होतो? तीन वेळा या घरात हे झालं होतं आणि तिन्ही वेळा तो चौकातल्या टपरीवर जाऊन बसला होता. कुणीतरी बोलवायला यायचं, मग तो जिलेबी घेऊन यायचा.

नेमकी तेव्हाच दारात खात्याची जीप थांबली. त्याचे साहेब मनोहरराव उतरले. दुसऱ्या दिवशीच्या सभेसाठी चित्रांचा तक्ता त्यांना हवा होता. परसू उठून उभा राहिला आणि शिकवल्याप्रमाणे म्हणाला, "आईले ताप आला हाय."

त्याच क्षणी आतून नव्या बाळानं टाहो फोडला.

मनोहररावांनी दाराकडे पाहिलं, मग परसूकडे. "हा ताप मोठ्यानं रडतो रे," ते म्हणाले.

परसू खोटं बोलायला शिकला होता, पण पुढचं वाक्य त्याला कुणी दिलं नव्हतं. त्यामुळे त्यानं खरं सांगून टाकलं. आत बाळ झालं, आईले प्रेमाताईनं धरलं, बाबाले चक्कर आली आणि ते मागं पेरूखाली बसून राह्यले. जीपचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसला. समोरच्या घरांतून बाया बाहेर आल्या, जणू कुणीतरी परवानगी दिल्यासारख्या. सिंधूताईच्या हातात गरम शिऱ्याचं पातेलं तयारच होतं.

मनोहरराव घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेले. ताराचंद धडपडत उठला. "साहेब, माही नोकरी..." एवढंच त्याला बोलता आलं.

"बसा," मनोहरराव म्हणाले आणि स्वतः शेजारच्या दगडावर बसले. "मला पाच आहेत, नंदेश्वर. पण मी भिंतीवर लिहीत नाही. मी नुसती सही करतो."

मुलगी झाली होती. तुळसाबाईनं नाळ कापून, बाळाला न्हाऊ घालून पहिल्यांदा दिलं ते प्रेमलताच्या मांडीवर. यशोधरेनं त्याचे पाय स्वतः पुसले आणि पुढं कित्येक महिने बाळाचे पाय आपले आहेत, बाकीचं घरच्यांचं, असा हिशेब ठेवला. परसूनं काहीच पाहिलं नव्हतं, त्यामुळे शाळेत सगळ्यात तपशीलवार वर्णन त्यानंच केलं.

दुसऱ्या दिवशी ताराचंद सभेला गेला. ड्रायव्हर त्याच्या आधी बोलून बसला होता. भाषणाच्या शेवटी सवयीनं तीन बोटं वर गेली, तशी मागून धोंडबा नावाच्या शेतकऱ्यानं विचारलं, "साहेब, चौथं बोट काहून लपवता?" सगळी सभा हसली. ताराचंदनं हात खाली घेतला. मग म्हणाला, "मी तुमाले पाठवत गेलो, स्वतः गेलो नाई. भीती वाटे." त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यात लहान भाषण. धोंडबा म्हणाला, "मंग या वक्ती तुमी चाला, मी तुमच्या मागं उभा राह्यतो." ताराचंदनं शब्द दिला.

आठवड्यानं घरी त्यानं पंचफुलाला हे सांगितलं तेव्हा प्रेमलता बाळाची दुपटी घडी करत होती. "कवा जाता?" तिनं विचारलं. "होळीनंतर पाहू," ताराचंद म्हणाला. प्रेमलता म्हणाली, "मी सात दिवस झाले आईले घागर उचलू देऊन नाई राह्यली. मले होळी नोका सांगू." तो पुढच्याच शिबिराला गेला. तिथल्या कारकुनानं नेहमीप्रमाणे विचारलं, की तुम्हाला कुणी आणलं. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी तिथं 'ताराचंद नंदेश्वर' लिहिलं जायचं. ताराचंदनं प्रेमलताचं नाव सांगितलं. कारकुनाला ती खात्यातली कुणी नवी बाई वाटली आणि पुढच्या महिन्यात तिच्या नावानं कार्यालयातून बैठकीचं बोलावणं आलं. धोंडबाही शब्दाप्रमाणे आला होता. पाटीभर संत्री घेऊन तो बाहेर थांबला, ताराचंदला आधार देऊन जीपपर्यंत आणलं, आणि स्वतः मात्र कापूस वेचायचा राहिला म्हणून परत गेला.

चौथीचं नाव महामाया ठेवलं. गल्लीनं मायाच म्हटलं.

प्रेमलताची हुशारी पाहून सगळे म्हणायचे, ही पोरगी नर्स होणार. तुळसाबाईनं तर तिला वारशात आपली कात्री द्यायचं बोलून ठेवलं होतं. प्रेमलता टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. लग्न झालं, दिवस गेले, तेव्हा पंचफुलानं हौसेनं विचारलं, "माहेरी, आपल्या घरीच करू काय वं? समदे हायेत. माया पाठीमागून धरते."

प्रेमलतानं रामदासपेठेतल्या दवाखान्यात आधीच नाव घातलं होतं. "आई," ती म्हणाली, "मी एक डाव जवळून पाह्यलं. आता मले इंजेक्शन पायजे, अन् माया पायजे बाहेरच्या बाकावर, याइच्या संगं." तिनं नवऱ्याकडे बोट दाखवलं. "याइले चक्कर आली तर पाणी द्यायले."